सीडी-टेन

कुकरची तिसरी शिट्टी.
यात भात नाही. काचपट्ट्या आहेत,
सायट्रेटच्या पाण्यात उभ्या,
त्यातल्या एकीवर तीन मायक्रॉन जाडीची
गडहिंग्लजच्या एका पोराची मज्जा.
वय सहा. शब्द तोच,
त्याच्या वर्गातली पोरं मे महिन्यात वापरतात तो.

शोधायचं आहे ते एक एन्झाइम.
पेशीच्या कातडीवर बसतं,
धड आत नाही, धड बाहेर नाही,
येतील त्या निरोपांचे तुकडे पाडतं.
दुखण्याचा निरोपही कापतं,
दुखणं निववणाराही.
निवड करत नाही.
रापीला कुठं असते निवड?

आबा सुभाषनगरात रापी धरून बसायचे.
हिरड्याच्या पाण्यातनं काढलेलं कातडं
उजेडाला धरायचे, कडेनं अंगठा फिरवायचे.
“कातडं मधी खोटं बोलतंय, पोरी.
कडंला न्हाई बोलत.”
तेव्हा मी बारावीची जीवशास्त्राची वही
कानवालीच्या ढिगाआड लपवून वाचत होतो.
(घरात आम्ही बायकाही ‘होतो’च म्हणतो.
इथं, लॅबमध्ये, ‘होते’.)

अँटिबॉडी घातली. तासभर थांबायचं.

दाराबाहेर पाटी: चपला इथेच काढा.
आज दोन जोड. एक बारका, रबरी, पट्टा शिवलेला.
एक मोठा, डाव्या टाचेला जास्त झिजलेला.
त्याच खांद्यावर पोराला घेऊन हिंडलाय बाप,
आबांनी एवढं तरी नक्की सांगितलं असतं.

शेवटचा थेंब. रंग चढू लागतो.
सगळे म्हणतात, गुळासारखा.
मी गुळाच्या घरातली नाही.
मला तो तेल प्यायलेल्या कातड्याचा वाटतो.

आधी कंट्रोल बघायचा:
कुणाचं तरी मूत्रपिंड, मेणाच्या ठोकळ्यात,
तीन वर्षं रोज एक काप.
त्याचं नाव माहीत नाही,
तो बरा झाला का, तेही नाही.
त्याचं तपकिरी उमटलं
तरच इतरांचं खरं धरायचं.
उमटलंय.

मग पोराची काच.
निळ्या ठिपक्यांभोवती, एकेका पेशीच्या कडेनं,
बारीक, तपकिरी, न तुटलेली रेघ.

डॉक्टर शिरगुप्पे चष्मा कपाळावर सरकवतात.
“पॉझिटिव्ह. या वयात हे त्यातल्या त्यात बरं.”
त्यातल्या त्यात.
बाहेरच्या बापाला हा शब्द कुठून धरायचा
ते कळायला दोन वर्षं लागतील,
गोळ्या, सुया, गडहिंग्लजची पहाटेची एसटी.

मी कुकर घासून पालथा घालते.
ठोकळा परत डबीत ठेवताना बघते,
मेणात आता नखाएवढंच उरलंय
त्या माणसाचं.
अजून शंभरेक काप निघतील,
हात हलका ठेवला तर.