सेंट्रल इंडिया, डिसेंबर

नाहटा शेठच्या ऑफिसात, जवाहर मार्गावर,
जिन्याखाली वर्षभर झोपायचे अकरा डबे.
डिसेंबर लागला की शेठ म्हणायचा,
"मुळ्ये, बर्फ काढा."
मी फडक्यानं धूळ पुसायचो
आणि डबे घेऊन निघायचो सर्किटवर.

पिक्चर परदेशी, आवाज हिंदीत भरलेले.
गोष्ट एवढीच:
डोंगरातलं गाव, एक म्हातारा घड्याळजी,
रागावून गेलेली मुलगी,
नाताळच्या आदल्या रात्रीची गाडी.
मुलगी उतरते की नाही, ते अकराव्या रिळात.

पिक्चर बघणं माझं काम नव्हतं.
माझं काम माणसं मोजायचं.
बाल्कनी किती, स्टॉल किती,
मॅनेजरचे मेव्हणे किती.

इंदूरचं पब्लिक मफलर गुंडाळून, खुशीत.
पण दहावं रीळ लागलं की खुर्च्या वाजायच्या,
तिकडे सराफ्यात गराडू कढईत पडलेले,
म्हाताऱ्यासाठी कोण थांबतो?
जाता जाता एकानं माझ्या खांद्यावर थाप मारली,
"भिया, पिक्चर एक नंबर.
फक्त जेवणाचा सीन फार आखूड."

महूला उलट.
बँडमास्तरची बायको, मिसेस आयरीन पिंटो,
नवरा गेल्यापासून खांबाआडची खुर्ची मागायची.
म्हणाली, चौथं रीळ पुन्हा लावाल?
त्यात काही घडत नाही.
एक बाई टेबलावर चादर अंथरते,
हातानं सुरकुती सारत सारत कडेपर्यंत नेते.
ऑपरेटर कुरकुरला. मी लावायला लावलं.
हिशेबाच्या कागदावर लिहिलं:
तांत्रिक बिघाड, चार मिनिटं.

रतलाम रेल्वेचं गाव.
पडद्यावर गाडी आली
की गोष्ट बंद, चौकशी सुरू.
गार्ड परमानंदजी उभेच राहिले,
"वळणावर एवढा वेग? सस्पेंड करा त्याला!"
थिएटर हसलं नाही.
थिएटर विचारात पडलं.

खरगोनला जिनिंगच्या बाया,
केसांत रुईचे तंतू तसेच.
बर्फानं भरलेलं शेत दिसलं, तशी एकजण कळवळली,
"इतका माल, अन् वेचायला कोणी नाही!"

झाबुआला थिएटर नव्हतं त्या बाजूला.
मिशनच्या व्हरांड्यात दोन चादरी शिवून पडदा.
सिस्टर फिलोमिना हिंदीचं भिली करून सांगत होती,
आणि (हे मला परतताना जीपवाल्यानं सांगितलं)
मधे मधे पदरचं घालत होती.
घड्याळजीला तिनं सात बकऱ्या देऊन टाकल्या.
थावरिया नावाचं पोरगं माझ्यापाशी आलं:
सगळी नदी दगड झाली,
तर बकऱ्या काय पितात?
मी डब्यांची कडी लावत राहिलो.
खेळ फुकट होता, म्हणून हिशेबात तो नाहीच.

शेवट मी कधी पाहिला नाही.
अकरावं रीळ फिरायचं तेव्हा मी बुकिंगच्या खोलीत,
तिकिटांचे अर्धे तुकडे शंभरा-शंभराचे बांधत.
झाबुआलाही उतारा लिहीत बसलो होतो कंदिलापाशी.
म्हणून बाहेर पडणाऱ्यांना विचारायचो.
महू म्हणालं, म्हातारा गेला, झोपेत, सुटला.
रतलाम म्हणालं, गाडी वेळेवर.
खरगोन म्हणालं, पोरीनं दुकान विकलं नाही.
झाबुआ म्हणालं, सगळे पोटभर जेवले.
बकऱ्यासुद्धा.
इंदूरला विचारण्यात अर्थ नव्हता.

डबे पुढे भंगारात गेले.
नात फोनवर शोधते, नाव बदलून बदलून.
नाही म्हणते आजोबा, असा पिक्चरच नाही.

काल पांढऱ्या चर्चच्या बाजूला दिवे लागले होते.
गाडीवर गराडू घेतले, वर जीरावन जरा जास्त.
उभ्या उभ्याच संपवले.
मग उगाच थांबलो,
आतली माणसं बाहेर पडेपर्यंत.
सवय.
विचारलं मात्र कोणाला काही नाही.