वजन

मकरपुऱ्याच्या क्लासात सरांनी माझा चेंडू पाहिला.
"उडतोय छान. पण याला वजन कुठंय?"

मग खंडेराव मार्केटातनं पावशेर लिंबं आणली,
रात्री जिन्यावरनं एकेक सोडत राहिले.
टप. टप. टप्‌टप्‌.
खालून हंसाबेन ओरडल्या, "शूं पडे छे?"
"वजन," मी म्हटलं.

सेकंदाला चोवीस चित्रं.
त्यातली सहा नुसती थांबण्याची:
लिंबू थांबलंसं वाटतं, थांबत नाही,
जरासं मागे येतं,
काहीतरी विसरल्यासारखं.

एवढं जमायला दिवाळी उजाडली.

पहिलं काम फरसाणाच्या जाहिरातीचं.
ताटातून घरंगळणारा एकच वाटाणा.
आईनं विचारलं, "नाव येतं का गं तुझं?"

नाही येत.
पण तो वाटाणा अगदी शेवटी
जरासा मागे येतो ना,
तिथं बघ.