पदेराची काठी

एकच मायक्रोफोन होता, तोही भाड्याचा,
कुंडीतल्या क्रोटनमागे लपवलेला.
म्हणून त्या बोलपटात सगळं घरदार
क्रोटनपाशीच येऊन भांडतं.
सून तिथंच विष घेते,
सासरा तिथंच मृत्युपत्र वाचतो.

आईचं काम आवडीचं. म्हणजे माझ्या आईचं.
म्हार्दोळच्या देवळात गाणाऱ्या बाईला
पडद्यावर शालू मिळाला, नवरा मिळाला
(तो मिशी सावरताना संवाद विसरे)
आणि एक मुलगा, बेळगावचा, गोरा.

ती मरत होती आणि बाहेरून पदेर गेला.
त्याची काठी छुळछुळली, फितीत शिरली.
लवंदे मास्तरांनी कपाळाला हात लावला:
दुसऱ्यांदा मरायला फिल्म उरली नव्हती.

म्हापशाला मांडवात खेळ लागला.
काठी वाजली तसा पुढचा एकजण
पावासाठी खिसा चाचपत उठला. लोक हसले.
आई मात्र थांबली नाही,
क्रोटनकडे हात पसरून म्हणाली,
"बाळ, आलास ना रे परतून?"

मी आठ वर्षांचा.
बाकावर उभा राहून ओरडलो, "ओ!"

शेजारी बसलेल्या आवडीनं
अंधारात माझं तोंड दाबलं.
"ओगी राव, पुता. तुका न्हय."