साधी काच

भिंत दहा फूट दोन इंच.
सोफा राखाडी, सात फुटी,
म्हणजे चित्र साधारण पावणेपाच फूट,
आणि त्याचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर,
उभ्या माणसाच्या नजरेला नजर.
एवढं मला झोपेतही सांगता येतं.

वरळी सी-फेस, बाविसावा मजला.
शर्मिष्ठाताईंनी चहा दिला, उशांचे अभ्रे दाखवले:
"यातला जांभळा कुठेतरी यायला हवा."
मी फोल्डर उघडला.
कासचं पठार, सप्टेंबरातलं. जांभळा होता, हवा तेवढा.
आंबोलीचं धुकं, त्यात अर्धं झाड;
उरलेलं कुठं गेलं ते विचारायचं नसतं.
भीमाशंकरच्या रानात रात्री उजळणारी बुरशी.
ही बेडरूमला चालते, मी म्हटलं.
धबधबा मी आपणहून मिटला.
महिन्याभरात माणसाला वाटायला लागतं
घरात कुठेतरी नळ चालू राहिलाय.

"समुद्र नाही का एखादा?"
"समुद्र कशाला?" कोपऱ्यातून आवाज आला.
"तो येतोय की फुकट, खिडकीतून."

हेमकांत विजयकर. वय चौऱ्याऐंशी.
बंदरात एकतीस वर्षं भरती-ओहोटीची नोंद ठेवली:
किती वाजता, किती फूट. नंतर किती मीटर.
आता चाकांची खुर्ची, आणि मांडीवर
यंदाचं भरतीचं कोष्टक,
कुणी विचारत नाही तरी.

खुर्ची जवळ घेतली. पानं स्वतः उलटली,
बोट न ओलावता, कडेला धरून.
आणि थांबले शिवडीच्या चिखलावर.

झुबेर फणसोपकरचा फोटो. कापसाचा कागद,
दहापैकी तिसरी प्रत, चार वर्षं पडून.
रोहित पक्षी उडून गेल्यानंतरची सकाळ:
चिखल, चिखलात पाण्याची बारीक शीर,
पावलांचे ठसे, तेही अर्धे मिटलेले.
राखाडीच्या आत राखाडी.
"पक्षी असते तर थोडा गुलाबी तरी आला असता.
बाबा, यात आहे काय?"
"ओहोटी," ते म्हणाले.
भिंग मागवलं. शिरेच्या कडेची ओल तपासली.
"संपत आलीय. वीस मिनिटं, फार तर.
मग पाणी वळेल."

(संध्याकाळी झुबेरला सांगितलं तर म्हणाला,
वीस कुठली, बूट काढायलाही वेळ मिळाला नाही.)

काच मी चकाकी न येणारी सुचवली, महागाची.
"साधी लावा."
"साधीत खिडकी दिसेल, अख्खी."
"लावा."

बसवायच्या दिवशी लालमनने सत्तावन्नावर खूण केली,
भोक पाडलं, फ्रेम टांगली.
लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध.
मी दोन पावलं मागे गेले. सुंदर.
विजयकर काहीच बोलले नाहीत.
मान वर करून बघत राहिले,
दवाखान्यात आपला नंबर कधी लागतो ते बघावं तसे.

तेव्हा मी खाली बसले, त्यांच्या खुर्चीशेजारी, गुडघ्यांवर.
तिथून काचेत नुसतं आभाळ होतं.

बेचाळीस इंच, मी लालमनला म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ड्रिल घेतलं.
वरचं भोक लांबीने बुजवलं;
रंग जुळला नाही, अजून दिसतं.

परवा राहिलेल्या पैशांसाठी गेले. दुपारचे सव्वाचार.
खुर्ची जरा तिरकी लावलेली,
स्वतःचं प्रतिबिंब मधे येऊ नये अशी.
काचेच्या खालच्या अर्ध्यात वरळीचं पाणी
शिवडीच्या चिखलावर हलत होतं,
पक्ष्यांच्या पावलांवरून पुढे, मागे, पुढे.

ते घड्याळ बघत होते.
"चार मीटर, वर दोन," म्हणाले. "लिहून घ्या."
पेन होतं, कागद नव्हता.
मी बिलाच्या मागे लिहिलं.