गुरुवारचा रकाना

ग्युमरीत डिसेंबरात हॉलच्या खिडक्यांना आतून बर्फ धरतं.
लोखंडी दांडा हातात देण्याआधी
सेद्राक सर तो स्टोव्हजवळ ठेवतात,
तान्ह्याचं दुपटं शेकावं तसा.

त्यांच्या वहीत प्रत्येकाचं एक पान.
माझ्यावर लिहिलंय: नाझेली, वय एकोणीस, वजन अठ्ठावन्न.
खाली रकाने.
सोमवारी बैठका, पाच-पाचच्या, दांड्यावर चाळीस.
मंगळवारी डोक्यावर तीस. तीसच.
गुरुवारी आकडा नाही.
तिथे नुसतं: झोप.

मला वाटलं, लिहायचं विसरले असतील.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, सकाळी काय खाल्लंस?
मी म्हटलं, कॉफी.
हसले नाहीत.
भिंत बांधायला निघालीस, म्हणाले,
आणि गवंडी उपाशी.
तेव्हापासून आई डबा देते:
मसुराचं घट्ट सूप, दोन उकडलेली अंडी,
लवाशमध्ये गुंडाळलेलं चीज,
मात्सून – आमचं दही, चमचा उभा राहील असं –
आणि आजोबांनी छपरावर सुकवलेले जर्दाळू,
ज्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

मुशेगला घाई होती.
उन्हाळ्यात बाटुमीच्या किनाऱ्यावर शर्ट काढून चालायचं होतं.
बाजारातून त्याने एक डबा आणला,
वर छातीचं चित्र. आत काय, ते कुठेच नाही.
पी हळद अन् हो गोरी.
दोन महिन्यांत मान जाड झाली
आणि डोळे पिवळे.
त्याची आई हॉलच्या दारात उभी राहून
सरांना वाट्टेल ते बोलली, जणू डबा त्यांनीच विकला होता.
सरांनी ऐकून घेतलं. तिला खुर्ची दिली.
मग कोट चढवून तिच्यासोबत दवाखान्यात गेले.

मी शहाणी. मी डबा घेतला नाही.
मी फक्त गुरुवार चोरला.
किल्ली कुठे असते ठाऊक होतं.
एकटी, दिवा न लावता,
डोक्यावर पन्नास.
पहिल्यांदा गेलं. दुसऱ्यांदाही गेलं.
तिसऱ्यांदा खांद्यात ओलं कापड फाटावं तसं काहीतरी
आणि लोखंड असं आदळलं
की वरच्या मजल्यावरची शिवणयंत्रं थांबली.

शुक्रवारी सरांनी काही विचारलं नाही.
माझा पंजा उलटा करून पाहिला,
नखात खडू होता.
वहीतले सहा आठवडे खोडले, एका तिरक्या रेघेने.

त्यांचा स्वतःचा उजवा हात
खांद्याच्या वर जात नाही.
टोपीसुद्धा डाव्या हाताने घालतात.
मी समजत होते, जुनी स्पर्धा, जुनं पदक.
आईने सांगितलं, भूकंपात
चार दिवस, चार रात्री ते दगड उपसत होते.
कुणी म्हणालं झोप, तर त्याच्या अंगावर धावून जात.
पाचव्या सकाळी एका मुलीचा आवाज आला, अगदी जवळून,
आणि हात उचलेना.
दुसऱ्यांनी काढलं तिला.
जिवंत? मी विचारलं.
आई मसूर निवडत राहिली.

सहा आठवडे मी झाडूची काठी उचलली.
दुखणी दोन असतात, सर म्हणाले.
एक दुसऱ्या दिवशी जिना चढताना कुरकुरतं,
त्याला कुरकुरू दे.
दुसरं बोलत नाही, चावतं.
तिथे थांबायचं, मी समोर नसलो तरी.

मार्चमध्ये दांडा पुन्हा हातात आला. रिकामा.
मग दोन्हीकडे एकेक चकती, बशीएवढी.
मुशेग येतो, बाकावर बसतो, माझ्या बैठका मोजतो,
मुद्दाम एक कमी.

आज बुधवार. डबा संपलाय, चाटूनपुसून.
नऊला दिवा मालवते.
बाहेर काळ्या दगडाची घरं, त्यांच्यामधली मोकळी जागा.
अंगात कुठेतरी गवंडी कामाला लागलेत,
जेवून आलेले, मला न विचारता.

सेद्राक सर केव्हा झोपतात, माहीत नाही.
वहीत त्यांचं पान नाही.