छापा

न्यू बेडफर्डच्या धक्क्यामागं, जाळी विणणाऱ्याच्या माडीवर
इलिडियो मोंतेरो लिनोलियमचा तुकडा तव्यावर शेकतो.
थंडीत ते अडून बसतं, म्हणतो, पात्याचं ऐकत नाही.

टर्झा मेबरीचा एकच फोटो आहे.
फोटोवाल्यानं बजावलं होतं, हलू नका.
ती हलली.
उजव्या हाताच्या जागी नुसतं धुकं,
चेहरा मात्र दाराच्या अडसरासारखा.

समितीचं पत्र: दीडशेव्या पुण्यतिथीनिमित्त
साठ प्रती, जाड कागद, हात नीट दिसावा,
शक्यतो पुस्तकावर टेकलेला.

इलिडियो पत्र तव्याखाली सारतो.

लिनोचं असं असतं, तो मला शिकवतो
(मी शाई घोटायला ठेवलेला, परगावचा माणूस):
कोरशील ते पांढरं,
सोडशील ते काळं.
म्हणजे तिच्या गालाला, कपाळाला, मानेला
हत्यार लावायचंच नाही.
आपण फक्त भोवतीचा उजेड उकरायचा.

नोव्हेंबरात तिच्या घरावर छापा पडला होता.
चौघं जण, कंदील, वॉरंट, एक कुत्रं.
तळघरात सात माणसं, त्यातलं एक तान्हं.
ती म्हणे दारातच बसून राहिली
वाळल्या शेंगा सोलत, दिव्याशिवाय,
एकेक दाणा पत्र्याच्या बादलीत टाकत,
ठण, ठण,
तान्ह्याचं कुरकुरणं त्यात बुडावं म्हणून.

हे वर्लीननं सांगितलं, तिच्या पणतीच्या लेकीनं,
कागदाचा गठ्ठा पोचवायला आली तेव्हा.
सांगताना तिचाही उजवा हात हलत होता.
इलिडियोनं ते पाहिलं. बोलला काही नाही.
सगळ्यांत बारीक पातं घेतलं
आणि हाताच्या जागी वाऱ्यातल्या गवतासारख्या
रेघा मारत गेला,
एकही बोट न काढता.

संध्याकाळी रूळ फिरला, कागद सोलून काढला.
नाव उलटं उमटलं होतं. मीच गिरवलेलं, घाईत.
नाव पुन्हा कोरलं. रात्र गेली त्यात.

मग खाली पेन्सिलीनं: एक छेद साठ.
शेजारी समितीला किंमत हवी आहे.
तिची एक किंमत आधीच लिहिलेली आहे,
सव्वासहाशे डॉलर, चार्ल्स्टनच्या कुठल्याशा वहीत,
दोन खेचरांच्या मधल्या ओळीत.

इलिडियो पेन्सिल कानावर अडकवतो.

खाली शिंपल्यांच्या बोटी परतल्यात, कुणीतरी बर्फ फोडतंय.
दोरीवर पहिला छापा.
चेहरा वाळला.
हात अजून ओला आहे.