बोअरची वही

तीस फुटांपर्यंत मुरूम,
मग काळा.
मी वहीत लिहितो: काळा, काळा, काळा.
तिरुचेनगोडहून गाडी घेऊन आलेला सेल्वम
ओंजळीतला चुरा मला दाखवतो, बोलत नाही,
कंप्रेसरपुढं बोलणार कोण.
अक्कलकोट रोडला, येमूलांच्या कारखान्यामागं
सकाळपासून धूळ उडतेय
आणि दोरीवरच्या चादरींचे मोर
राखाडी झालेत.

एकशे सत्तरला लाल आला.
हातभरच, विटेसारखा.
नरसम्मा धावत आली, पाणी?
म्हटलं, माती. भाजलेली.
लाव्हाचा एक थर निवला
आणि दुसऱ्याला यायला इतका उशीर झाला
की मधल्या मधे दगडाची माती झाली,
तिच्यावर पाऊस पडून गेला,
काहीबाही उगवलंही असेल,
मग वरून पुन्हा विस्तव.
तेव्हा ही जमीन इथं नव्हती,
विषुववृत्ताच्या पार खाली, दक्षिणेच्या समुद्रात होती,
आणि चालत होती.

"आपला कारखाना बी?" तिच्या पोरानं विचारलं.
कारखान्याखालचं सगळं.

नरसम्मानं घडीच्या टेबलावर एक चादर पसरली.
एक टोक भिंतीला टेकवलं,
दुसरं तळव्यानं रेटलं.
मधे सुरकुती उभी राहिली, वीतभर.
"असाच ना तुमचा हिमालय?"
असाच.
"अजून रेटतंय?"
वर्षाला तीन बोटं.
ती हसली. "तीन बोटं तर माग
खोकता खोकता विणतो."

मग हसायची थांबली.
किल्लारीच्या पहाटे ती नऊ वर्षांची होती,
बंद मागांवरचे धोटे
आपसूक वाजले होते.
एवढं सांगून ती चहा ठेवायला गेली.

तीनशे नव्वदला ओल. बादलीभर.
चारशे वीसला सेल्वमनं हात आडवा केला.
बिल फुटावर होतं,
लालला वेगळा दर नाही;
तो सगळा उशीर
दीड फुटाच्या पैशात बसला.

तोंडावर झाकण ठोकलं, वर प्लॉट नंबर लिहिला.
खरेदीखतात लिहिलंय, पूर्वेस रस्ता,
पश्चिमेस कोंड्यालांची भिंत.
ते खोटं ठरणार नाही,
रस्ता येतोय सोबत, भिंतही,
आणि हे कोरडं भोक,
ईशान्येकडं,
चहा निवायच्या वेगाहून कितीतरी हळू.
सेल्वम रॉड मोजून गाडीत भरत होता.
एक कमी भरला.
पुन्हा मोजायला लागला.